चिऊच्या बोरन्हाणाला येण्यापूर्वी

तीर्थरूप आई आणि बाबा यांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

चिऊला परवा वर्ष पूर्ण झाले. आईने शिवून पाठवलेले काळे झबले आणि हलव्याचे दागिने व्यवस्थित पोहोचले. आता तुम्ही दोघांनी बोरन्हाणाला यावे आणि रथसप्तमीनंतरही महिनाभर इथेच राहावे, अशी आम्हा दोघांची मनापासून इच्छा आहे. डॉक्टरांनीही संमती दिली आहे. या वर्षात तुम्हाला आमच्याकडून ‘आत्ता नको’ हे शब्द फार वेळा ऐकावे लागले आणि प्रत्येक वेळी फोनवर कारण नीट सांगता आले नाही. ती सगळी कारणे तुम्हाला कळावीत आणि चिऊला तुमच्या हाती देताना आम्हाला जे माहीत आहे ते तुम्हालाही माहीत असावे, म्हणून हे पत्र सविस्तर लिहीत आहे.

आई, तू अजूनही मधूनच विचारतेस की सहाव्या महिन्यात मी गावी आले, तो एसटीचा प्रवास बाधला का. तसे काहीही झालेले नाही. प्रवास, जिने, पपई, ग्रहण यांपैकी कशाचाही चिऊच्या दिवस भरण्याआधीच जन्मण्याशी संबंध नव्हता. वारेची वाढच सुरुवातीपासून नीट झाली नाही की पुढे आईचा रक्तदाब चढतो, लघवीतून प्रथिने जाऊ लागतात, यकृत आणि मूत्रपिंडे यांच्यावर ताण येतो, आणि बाळंतपण होणे हाच त्यावरचा खरा उपाय असतो. सत्ताविसाव्या आठवड्यात डॉक्टरांपुढे प्रश्न होता तो आम्हा दोघींचा जीव वाचवण्याचा. बाळाची फुप्फुसे थोडी तरी तयार व्हावीत म्हणून मला आधी स्टेरॉइडची इंजेक्शने दिली, तिच्या मेंदूला संरक्षण मिळावे म्हणून मॅग्नेशियम सल्फेट दिले, आणि मग शस्त्रक्रिया केली. पुढच्या वेळी शेजारी कोणी ‘दिवसात सांभाळले नसेल’ असे म्हणाले, तर आई, तू खाली मान घालून ऐकून घेऊ नकोस. हे कारण त्यांना स्पष्ट सांग.

जन्मली तेव्हा ती ९०० ग्रॅमची होती. एवढ्या लहान बाळाच्या फुप्फुसांत सर्फॅक्टंट नावाचे द्रव्य पुरेसे तयार झालेले नसते. ते नसले की ओल्या प्लॅस्टिकच्या पिशवीच्या दोन बाजू एकमेकींना चिकटाव्यात तसे हवेचे सूक्ष्म फुगे प्रत्येक श्वासानंतर मिटून जातात आणि पुढच्या श्वासाला बाळाला सारी ताकद लावून ते पुन्हा उघडावे लागतात. तेच द्रव्य औषध म्हणून तिच्या श्वासनलिकेत नळीने सोडले गेले. काही दिवस ती व्हेंटिलेटरवर होती, नंतर नाकातून दाबाने हवा देणाऱ्या सीपॅपवर. मधूनच ती श्वास घ्यायचेच विसरायची. मेंदूतले श्वासाचे केंद्र अपक्व असल्यामुळे असे होते आणि त्यासाठी कॅफीन देतात, हे मलाही तिथेच कळले.

बाबा, तुम्ही तेव्हा विचारले होते की ऑक्सिजन थोडा जास्तच दिला तर ती लवकर बरी होणार नाही का. तुमचा प्रश्न अगदी रास्त होता. डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण दिवस भरेपर्यंत चालू असते. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन मिळाला तर त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि उपचार वेळेवर झाले नाहीत तर दृष्टी कायमची जाऊ शकते. म्हणून रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण दाखवणारा यंत्रावरचा आकडा ९० ते ९५ या दरम्यान ठेवायचा आणि त्याच्या वर गेला की ऑक्सिजन कमी करायचा, असे परिचारिका रात्रंदिवस करत होत्या. चौथ्या आठवड्यापासून नेत्रतज्ज्ञ तिचे डोळे ठरावीक अंतराने तपासत होते. तिच्या डोळ्यांना लेसरची गरज पडली नाही. ती तपासणी पूर्ण झाल्याचे ज्या दिवशी सांगितले, त्या दिवशी तुम्ही देवळात नारळ फोडल्याचे आईने कळवले होते.

त्या काळात तिच्यासाठी आमच्या हातात असलेल्या गोष्टी दोनच होत्या, दूध आणि ऊब. उघड्या छातीवर बाळाला फक्त लंगोट आणि टोपीवर उभे धरून वरून गुंडाळून घ्यायचे, याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबियातील बोगोटा शहरात १९७८ साली डॉ. एडगर रे यांनी इन्क्युबेटर अपुरे पडत होते म्हणून ती सुरू केली. पुढे २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतील रुग्णालयांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात कमी वजनाच्या बाळांना जन्मानंतर लगेच असे धरल्याने मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे दिसले. तुमच्या जावयांनीही रोज संध्याकाळी कार्यालयातून थेट येऊन तिला असे धरले. तिचा श्वास त्यांच्या छातीवर आल्यावर संथ होत असे. आईच्या मनात त्या वेळी संकोच होता की पुरुषमाणसाने हे कसे करायचे. ते किती सहजपणे करता येते हे तू आल्यावर त्यांनाच विचार.

दूध सुरुवातीला नाकातल्या नळीने एकेक मिलिलीटर जात होते. नंतर गिळण्याची शक्ती आली तेव्हा परिचारिकेने स्टीलचे एक चोच असलेले भांडे हातात दिले, आणि मी पाहतच राहिले, कारण ते आपल्या घरातल्या फडताळातले बोंडले होते. चोच खालच्या ओठावर टेकवायची, दुधाची कड ओठाला लागू द्यायची, आत ओतायचे नाही, तिने स्वतः जीभ पुढे आणून घोट घेतला की थांबायचे, आणि तिचा श्वास सावरला की पुन्हा टेकवायची. एवढेसे दूध संपायला अर्धा तास लागत असे. आई, तू मला आणि दादाला असेच पाजलेस हे मला ठाऊक होते, त्यामुळे त्या कक्षात मला पहिल्यांदा असे वाटले की यातले काही तरी मला घरातून आलेले आहे.

तिचे खरे दिवस भरायच्या सुमारास आम्ही तिला घरी आणले, पण ऑक्सिजनसह. गर्भवयाचे ३६ आठवडे भरले तरी ज्या बाळाला ऑक्सिजन लागतो, त्याच्या फुप्फुसांना जुनाट इजा झालेली आहे असे धरतात. फुप्फुसे नव्याने वाढतात आणि इजा हळूहळू भरून निघते, पण त्याला महिने लागतात. खोलीत हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणाऱ्या यंत्राची, कॉन्सन्ट्रेटरची, घरघर अखंड चालू असायची, पायाला सेन्सर बांधलेला असायचा आणि नाकातल्या नळीची चिकटपट्टी बदलताना गालाची कातडी सोलली जाऊ नये म्हणून ती आधी तेलाने मऊ करून घ्यावी लागायची. आकडा ९३ च्या खाली राहू लागला की प्रवाह वाढवायचा आणि रुग्णालयात फोन करायचा, असे आम्हाला सांगितलेले होते.

आता गणपतीबद्दल. बाबा, तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, पण नात पहिल्या वर्षी घरच्या गणपतीला आली नाही हे तुम्हाला किती लागले असेल याची मला कल्पना आहे. कॉन्सन्ट्रेटर विजेवर चालतो. आपल्याकडे श्रावण-भाद्रपदात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही आणि सिलिंडर काही तासच पुरतो. घाटात दरड आली असती तर लहान बाळाला कृत्रिम श्वास देऊ शकेल अशा रुग्णालयात पोहोचायला किती वेळ लागला असता, याचा विचार करणेही नको वाटते. शिवाय माजघरात पन्नास माणसे, कापूर, निरांजने आणि अगरबत्त्या. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण जळणाऱ्या वस्तूला भडकवतो; म्हणून इथेही आम्ही देवघर दुसऱ्या खोलीत हलवले होते. धुराने तिच्या श्वासनलिका आकसतात ते वेगळेच. आणि त्याच दिवसांत आपल्याकडे आरएसव्ही नावाच्या विषाणूची साथ असते, जो मोठ्या माणसाला साधी सर्दी देतो आणि अशा बाळाला थेट अतिदक्षता विभागात नेतो. ऐन पावसाळ्यात तिला एकदा पुन्हा भरती करावे लागले होतेच. तुम्ही दोघे तिला पाहायला निघालात आणि आईला सर्दी आहे म्हणून मी तुम्हाला थांबवले, तेही याच कारणाने. तुमच्या मायेबद्दल माझ्या मनात क्षणभरही शंका आली नव्हती.

धुरी आणि बाळगुटी यांनाही मी नकार दिला. वेखंड, जायफळ, मुरुडशेंग सहाणेवर उगाळताना मात्रा कमी-जास्त होते, सहाणेवरचे जंतू पोटात जातात, आणि अपक्व आतड्यांच्या बाळाला ते झेपत नाही. मध तर धडधाकट बाळालाही वर्षाच्या आत द्यायचा नसतो, कारण त्यातल्या एका जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. पण जुने ते सगळे टाकून दिले असे कृपया समजू नका. बाबांनी घाण्यावरून आणून पाठवलेले खोबरेल तेल वजन वाढल्यावर डॉक्टरांनी आनंदाने चालवून घेतले, आणि आजही तिला त्याच तेलाने चोळतो. अंगाई म्हणणे, मांडीवर घेऊन बोलणे, आईचे दूध हेच सर्व काही मानणे, यांत आपल्या घरातल्या बायकांचे शहाणपण मला पदोपदी जाणवले.

तिला पाहिल्यावर तुम्हाला एक गोष्ट खटकेल. वर्षाची असूनही ती आधार धरून उभी राहत नाही, नुकतीच न लवंडता बसू लागली आहे. ती सुमारे तीन महिने आधी आली, त्यामुळे तिची वाढ जन्मतारखेपासून न मोजता अपेक्षित तारखेपासून मोजायची असते, आणि दोन वर्षांची होईपर्यंत असेच मोजतात. या हिशेबाने ती नऊ महिन्यांची आहे आणि नऊ महिन्यांचे बाळ जे करते ते ती करते. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात आणि त्या झालेल्या आहेत. तेव्हा आत्याच्या नातवाशी तिची तुलना कोणी करू लागले तर ती तिथेच थांबवा. तिच्या समोर तर नकोच.

दसऱ्याच्या सुमारास ऑक्सिजन पूर्ण बंद झाला. आता तिला सांभाळायला घरात आणखी चार हात हवे आहेत, आणि ते तुमचेच असावेत असे मला वाटते. ‘आम्हा म्हाताऱ्यांना यातले काय कळणार’ असे आई परवा म्हणाली, ते मला मुळीच पटले नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांतल्या घरांत नवजात बाळांची काळजी घ्यायला गावातल्याच बायकांना शिकवले. श्वास मोजणे, ऊब राखणे, जंतुसंसर्ग ओळखणे हे सारे त्या शिकल्या, आणि तिसऱ्या वर्षी तिथला नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ साली ‘द लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तू तर दोन मुले वाढवलेली बाई आहेस.

तिचा श्वास ती झोपलेली असताना मोजायचा. पोटावर नजर ठेवून, घड्याळ लावून, पूर्ण एक मिनिट. वर्षाच्या बाळाला मिनिटाला ४० किंवा अधिक श्वास म्हणजे जलद, तसे दिसले तर आम्हाला लगेच सांगायचे. बरगड्यांखाली खळगा पडू लागला, ओठ निळसर दिसले किंवा दूध घेईनाशी झाली, तर आमची वाट न पाहता रुग्णालयात न्यायचे. गाडीवाल्याचा आणि डॉक्टरांचा क्रमांक दाराजवळ मोठ्या अक्षरांत लावला आहे.

बोरन्हाण आपण घरच्या घरी करू. तिच्या डोक्यावरून चुरमुरे घालू. बोरे, हरभरे, उसाचे करवे आणि शेंगदाणे परातीत वेगळे ठेवून मोठ्या मुलांना वाटू, कारण बोराची आठळी किंवा शेंगदाणा घशात अडकणे तिला परवडणारे नाही. हलव्याचे दागिने फोटोपुरते घालू आणि तेवढा वेळ आई, तुझा हात तिच्या हातांवर असू दे.

येण्याआधी तुम्ही दोघांनी फ्लूची लस घ्यावी. ती काम करू लागायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून या आठवड्यातच घ्या आणि त्यानंतरचे तिकीट काढा. निघायच्या दिवशी कोणाला खोकला किंवा कणकण असेल तर मनात काही न आणता तारीख पुढे ढकलू. रथसप्तमी हुकली तरी नंतर हौस करता येईल. बाबा, तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या महिनाभर पुरतील इतक्या बरोबर घ्या, आणि सकाळची गाडी पकडा, म्हणजे संध्याकाळी स्थानकावर तुम्हाला घ्यायला आम्हाला वेळेवर येता येईल.

तुमची,
धाकटी