गारी बेटावरच्या ड्रायव्हरदादांस

प्रिय ड्रायव्हरदादा,

स. न. वि. वि.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही, याची मला कल्पना आहे. ऑस्ट्रेलियातलं गारी बेट तुम्ही आम्हाला बसमधून फिरवून दाखवलंत, त्याबद्दल इंग्रजीत चार ओळींचे आभार तुमच्या ऑफिसला पाठवून झाले. पण बाबांचं समाधान झालं नाही. "ते ऑफिसला झालं. त्या माणसाला वेगळं लिही, आणि आपल्या भाषेत लिही. तोही बोललाच ना माझ्याशी त्याच्या भाषेत?" या युक्तिवादावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि उघड पत्र लिहायचं कारण असं, की आईवडिलांना परदेश दाखवायला घेऊन जाणारे माझ्यासारखे पुष्कळ आहेत. त्यांच्या हे वाचनात आलं तर बरंच.

तुमच्या बसमध्ये रोज चाळीसेक माणसं चढतात-उतरतात, त्यामुळे ओळख द्यायला हवी. साडीवर स्पोर्ट्स शूज घातलेली, पर्स पोटाशी घट्ट धरून बसलेली ती माझी आई. आणि रिव्हर हेड्सच्या धक्क्यावर बेटावर नेणाऱ्या बार्जची वाट बघताना सगळे समुद्राचे फोटो काढत होते, तेव्हा तुमच्या बसला प्रदक्षिणा घालून टायर बघत होते ते माझे बाबा.

ते एसटीत ड्रायव्हर होते. दापोली डेपो. उमेदीची वर्षं मुंबईच्या रातराणीवर गेली, कशेडी घाट त्यांना झोपेतही पाठ. असा माणूस ब्रिस्बेनला लेकीकडे आल्यापासून सगळीकडे मागच्या सीटवर होता. गाडी जावई चालवणार, रस्ता मोबाइल सांगणार. इंग्रजी समजतं थोडं, बोलायचा संकोच. आम्ही त्यांना पूल दाखवले, बागा दाखवल्या, कांगारू दाखवले. "छान आहे" म्हणायचे आणि गप्प बसायचे. आम्हाला वाटायचं, वयामुळे असेल.

तुम्ही त्यांना बसखाली वाकून बघताना पाहिलंत. दुसरा कोणी असता तर "सर, प्लीज आत बसा" म्हणून मोकळा झाला असता. तुम्ही मला विचारलंत, हे गाडी चालवतात का? मी म्हटलं, चालवायचे, सरकारी बस, सगळी नोकरी त्यातच. तुम्ही हातमोजा काढून त्यांच्याशी हात मिळवलात. मग बसमध्ये चढून पुढच्या सीटवरच्या तरुण जोडप्याशी काहीतरी बोललात. काय ते ऐकू आलं नाही, पण ती दोघं हसत उठली आणि मागे गेली. बाबा पुढे बसले. समोर अख्खी काच, उजव्या हाताला तुम्ही. स्टिअरिंग उजवीकडे, वाहतूक डावीकडून, म्हणजे सगळं ओळखीचंच. ते सीटवर कसे बसले ते मी मागून बघत होते. पाठ एकदम ताठ झाली होती.

ज्यांनी हे बेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या किनाऱ्याजवळचं गारी हे जगातलं सगळ्यात मोठं वाळूचं बेट. लांबी १२० किलोमीटरच्या वर. लाखो वर्षं दक्षिणेकडून समुद्राच्या प्रवाहाबरोबर वाळू येत राहिली आणि साचत गेली. नकाशांवर फ्रेझर आयलंड म्हणून छापलं जायचं. २०२३ मध्ये इथल्या मूळच्या बुचुला लोकांचं नाव अधिकृतपणे परत मिळालं. बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर मैलोन्‌मैल सरळ पुळण आहे, सेव्हंटी फाइव्ह माइल बीच. ही पुळण म्हणजे कायद्याने रस्ता आहे. वेगमर्यादा आहे, सीटबेल्टची सक्ती आहे, पोलीस थांबवून दारू प्यायलात का तेही तपासतात. शिवाय त्याच वाळूवर छोटी विमानंही उतरतात.

हे मी बाबांना आदल्या रात्री वाचून दाखवलं होतं. त्यांचा विश्वास बसला नव्हता. कोकणातल्या ड्रायव्हरचा एक नियम असतो: पुळणीत गाडी घालायची नाही. कर्द्याला, मुरुडला पर्यटकांच्या गाड्या वाळूत रुततात, भरती चढायला लागते, मग दोरखंड, आरडाओरडा आणि बघ्यांची जत्रा. हे दृश्य त्यांनी इतक्यांदा पाहिलंय की पुळण आणि चाकं या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात एकत्र येतच नव्हत्या.

आधी आतला रस्ता लागला. एकेरी, नुसती भुसभुशीत वाळू, दोन्ही बाजूंनी जंगल, आणि चाकांनी पाडलेल्या खोल चाकोऱ्या. बस अशी हलत होती की आईने डोळे मिटून रामरक्षा सुरू केली. तुम्ही माइकवरून सगळ्यांना बेटाची माहिती देत होतात. (विनोद बेताचे होते, रागावू नका.) पण माइक बंद केलात की डाव्या हाताने बाबांना खुणा सुरू. चढाकडे बोट, गिअरकडे बोट, मग मूठ करून सावकाश पुढे. बाबा मान वळवून मला म्हणाले, "चढ यायच्या आधीच गिअर पाडून घेतो. मध्ये बदलला की गाडीचा दम जातो आणि रुतते. घाटातपण तसंच." नंतर टायरची गोष्ट. दोन्ही तळवे एकमेकांवर दाबून पसरवून दाखवलेत: वाळूत हवा कमी ठेवली की टायर पसरतो, वजन विभागतं, चाक खाली जात नाही. हे मी भाषांतर करायच्या आत त्यांना कळलेलं असायचं. दुभाषी म्हणून मी अर्ध्या तासात बेकार झाले.

लेक मॅकेन्झीबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात. बुचुला लोक त्याला बुरांगूरा म्हणतात. वाळूच्या टेकड्यांवर समुद्रसपाटीपासून सुमारे शंभर मीटर उंच, नदी नाही, ओढा नाही, फक्त पावसाचं पाणी. कुजलेला पाला आणि वाळू घट्ट बसून तळ झाला आहे, त्यामुळे पाणी झिरपून जात नाही. काठची वाळू मिठासारखी पांढरी. पाण्यात उतरायच्या आधी अंगाला क्रीम फासू नका, ते सगळं तळ्यात जातं, असं तुम्ही बजावलंत आणि बहुतेकांनी ऐकलं. बाबांचे गुडघे धड नाहीत. पायऱ्यांवर तुम्ही त्यांच्या एक पायरी खाली, पाठमोरे, अगदी हळू चालत राहिलात. हात पुढे केला नाहीत. त्यांनी गरज लागली तेव्हा तुमच्या खांद्यावर हात ठेवला. हा फरक मला तेव्हा कळला नाही, त्यांनी रात्री सांगितला: "त्याने मला धरलं नाही. मी त्याला धरलं."

सेंट्रल स्टेशनपाशी (रेल्वेचं नव्हे, पूर्वीची लाकूडतोडीची छावणी) वांगूलबा ओढ्याच्या काठी तुम्ही सगळ्यांना गप्प उभं केलंत. तळाशी वाळूच, दगड नाहीत, म्हणून पाणी वाहतं पण आवाज होत नाही. पाणी इतकं नितळ की आईने विचारलं, "ओढा कुठाय?" शेजारची सॅटिने झाडं तुम्ही दाखवलीत. त्यांच्या लाकडाला समुद्रातले किडे लागत नाहीत, म्हणून ते सुएझ कालव्याच्या कामासाठी नेलं होतं. बेटावरची लाकूडतोड १९९१ मध्ये थांबली आणि १९९२ मध्ये बेट जागतिक वारसा झालं. तिथेच तुम्ही बुचुला लोकांचे तीन नियम सांगितलेत. जमिनीच्या भल्याचं ते आधी. तुमच्याकडे भरपूर असेल तर वाटा. आणि जे तुमचं नाही त्याला हात लावू नका, घेऊन जाऊ नका. आईने कौतुकाने उचललेला शंख हळूच खाली ठेवला.

आणि मग पुळण. जेवणानंतर बस झाडीतून बाहेर पडली, समोर एकदम समुद्र, आणि तुम्ही ओल्या, कडक वाळूवर डावीकडे वळवून गाडी सोडलीत. बाबांनी आधी काट्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग पुन्हा काट्याकडे. "पुळणीवर ऐंशी!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की मागचे जपानी पाहुणेही हसले. भरतीच्या आधीचे दोन तास आणि नंतरचे दोन तास या वाळूवर गाडी घालायची नाही, ओहोटीचा पट्टा सापडला की निघायचं, हे तुम्ही त्यांना भरती-ओहोटीच्या कोष्टकावर बोट ठेवून समजावलंत. त्यांना हे फार आवडलं. "आमचं टाइमटेबल विभागीय कार्यालय ठरवायचं. ह्यांचं समुद्र ठरवतो. आणि समुद्र लेट होत नाही."

ज्यासाठी हे पत्र मुळात लिहिते आहे, ते पुढच्या अर्ध्या तासात घडलं. पावसाचं पाणी झऱ्यांवाटे पुळण कापत समुद्राकडे जातं आणि वाळूत आडव्या खाचा पडतात. लांबून दिसत नाहीत. वेगात गेलं तर गाडी उडते आणि आपटते. तुम्ही प्रत्येक खाचेच्या बऱ्याच आधी वेग उतरवत होतात आणि बोटाने बाबांना दाखवत होतात. पहिली दाखवलीत, दुसरी दाखवलीत. पुढची बाबांनी दाखवली, तुमच्या आधी. तुम्ही अंगठा वर केलात. पुढची तुम्ही. त्यापुढची पुन्हा बाबांनी, नुसती भुवई उडवून. त्यानंतर तुमची दोघांची स्पर्धाच लागली. एकदा त्यांनी हात वर केला आणि तुम्हाला काही दिसलं नव्हतं. तरीही तुम्ही ब्रेकवर पाय नेलात. खाच होती. उथळ होती, पण होती. वायपरच्या पट्ट्यापलीकडे डोळे बारीक करून रस्ता वाचणारे बाबा मी लहानपणी, त्यांच्या गाडीच्या बॉनेटशेजारी बसून पाहिले होते. नंतर नाही.

महेनो बोटीपाशी तुम्ही जरा जास्त वेळ थांबलात. १९०५ ची आगबोट, पहिल्या महायुद्धात इस्पितळ झालेली. १९३५ मध्ये भंगारात काढून जपानला ओढून नेत होते, वाटेत वादळात दोर तुटला आणि ती या वाळूवर येऊन बसली. दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर बॉम्बफेकीचा सराव केला. आता नुसता गंजलेला सांगाडा उरलाय, जवळ जायला बंदी आहे. बाकीचे फोटो काढत असताना बाबांनी तुम्हाला स्वतःच्या इंग्रजीत विचारलं, "स्क्रॅप? हाऊ मेनी इयर्स रनिंग?" तुम्ही दोघं बोटीच्या सावलीपासून लांब उभे राहून हिशेब करत होतात. आपली जुनी गाडी डेपोतून भंगारात गेली त्या दिवशी बाबा जेवले नव्हते. ते त्यांनी तुम्हाला सांगितलं का, ते मी विचारलं नाही.

तिथेच तो डिंगो आला, म्हणजे इथला रानकुत्रा, बुचुला लोकांच्या भाषेत वोंगारी. बारीक अंगाचा, पिवळट, कोणाकडे न बघता चालत आला तो थेट आईच्या दिशेने. तिच्या पर्समध्ये चिवडा होता, तो तुमच्या सूचनेनंतरही तिथेच होता, हे इथे नोंदवून ठेवते. तुम्ही धावला नाहीत, ओरडला नाहीत. तिच्या शेजारी जाऊन उभे राहिलात, हाताची घडी छातीशी घातलीत, तिलाही तसंच करायला लावलंत, आणि तोंड त्याच्याकडे ठेवून दोघं एकेक पाऊल मागे आलात. तो निघून गेला. आई अजून सांगते, "मी आणि ड्रायव्हर, आम्ही दोघांनी त्याला परतवला."

इली क्रीकला लोक टायरच्या ट्यूबवर बसून ओढ्यातून तरंगत होते. तासाला चाळीस लाख लिटर गोडं पाणी समुद्रात सोडणारा ओढा आहे तो. बाबा पाय सोडून काठावर बसले नाहीत. ते तुमच्याबरोबर बसखाली होते. खाऱ्या पाण्याचं काय करता, हा त्यांचा प्रश्न होता. दापोलीच्या गाड्यांचे पत्रे खाऱ्या हवेने कसे खाल्ले जातात हे त्यांनी आयुष्यभर पाहिलंय. रोज संध्याकाळी गोड्या पाण्याने खालून सगळं धुतो, असं तुम्ही एकेक सांधा दाखवून सांगितलंत. दोघंही गुडघ्याला वाळू लावून बाहेर आलात.

त्या दिवसापासून बाबा बोलतात. जावयाला गिअरबद्दल, मला कशेडीबद्दल, गावी फोन करून डेपोतल्या जुन्या मित्रांना तुमच्याबद्दल. तुमचा उल्लेख "आपला गारीचा ड्रायव्हर" असा असतो. जावई आता गाडी काढताना त्यांना पुढे बसवतो. हे त्याला कोणी सांगितलं नाही.

त्यांचे काही प्रश्न राहून गेलेत, ते लिहायला सांगितलेत. भरलेली बस ओल्या वाळूवर ऐंशीच्या वेगात असताना ब्रेक मारला तर किती अंतरात थांबते? ब्रेक लायनर किती दिवसांनी बदलता? रात्री पुळणीवर गाडी घातली आहे का कधी, आणि हेडलाइटमध्ये खाच दिसते का? आणि ड्युटी संपल्यावर जेवायला घरी जाता की बेटावरच? उत्तरं इंग्रजीत चालतील, मी वाचून दाखवेन. कोकणात आलात तर दापोलीला उतरायचं, हे त्यांनी तीनदा बजावलंय. कर्द्याच्या पुळणीवर गाडी घालून दाखवायला मात्र ते तुम्हाला अजिबात देणार नाहीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एका निवृत्त एसटी ड्रायव्हरची मुलगी