‘पोरगा चालेल’ म्हणणाऱ्यांना आवरा

संपादक महोदय,

आंब्यावरून पडून भाच्याचा मणका मोडला, त्याला दोन वर्षं झाली. परवा पुण्यातल्या एका दवाखान्यानं ‘स्टेम सेलची (इतर पेशी घडवू शकणाऱ्या मूळ पेशींची) तीन इंजेक्शनं, पोरगा चालेल’ म्हणत सहा लाख सांगितले. ताई पाटल्या मोडायला निघाली होती! मणक्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूच्या जखमेत पोकळी आणि व्रण राहतो. नुसत्या सोडलेल्या पेशी तिथं फारशा तगत नाहीत. म्हणून कोलॅजन (शरीरातलं एक प्रथिन) किंवा हायड्रोजेलचा (पाणी धरून ठेवणाऱ्या जेलीचा) सांगाडा बसवून, मांडवावर वेल चढवावा तसे मज्जातंतू पलीकडे नेण्याचे प्रयोग चालू आहेत. प्रयोगच. आयसीएमआरच्या (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या) २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार ते फक्त मंजूर चाचणीत, रुग्णाकडून पैसे न घेता. मग हे दरपत्रक कशाचं? भाचा आता व्हीलचेअरवरून स्वतः पलंगावर सरकतो, ते रोजच्या फिजिओथेरपीनं.

– एक वाचक, खडकी, पुणे