तारेपलीकडच्या शेतीचीही दखल घ्यावी

माननीय संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

हिवाळा आला की आपल्या दैनिकाच्या पर्यटन पुरवणीत अमृतसरच्या सहलीविषयी लेख येतात आणि सुवर्णमंदिर, जालियनवाला बाग व अटारीचा ध्वजावतरण सोहळा यांचे त्यांतील वर्णन मी आवडीने वाचतो. मात्र सीमा म्हणजे संध्याकाळी बाकांवर बसून घोषणा देण्याची जागा, एवढेच चित्र या लेखांतून वाचकांपुढे उभे राहते. सीमेला लागून शेती करणाऱ्या माणसांचा त्यात उल्लेखही नसतो, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

कृषी महाविद्यालयातील माझा एक वर्गमित्र पंजाबातील फिरोजपूर जिल्ह्यात सीमेजवळच्या गावी राहतो. त्याचे वडील लष्करात असताना पुण्यात नेमणुकीवर होते, त्यामुळे तो आमच्याबरोबर शिकला. आजही तो वसतिगृहात शिकलेली, शिव्यांसकट अस्खलित असलेली मराठी बोलतो. पदवीनंतर नोकरी न करता तो वडिलोपार्जित जमीन कसू लागला. गेल्या हिवाळ्यात एका शनिवार-रविवारी मी त्याच्याकडे मुक्कामाला होतो. मुंबईहून सुटणारी पंजाब मेल फिरोजपूर छावणीपर्यंतच जाते. फाळणीपूर्वी हीच गाडी सतलज ओलांडून लाहोरमार्गे पेशावरला जात असे, हे बहुतेक मराठी प्रवाशांना ठाऊक नसते. प्रवासाला लागणारा वेळ मुक्कामाहून अधिक होता, पण जुन्या मित्राकडे जाताना असा हिशेब कोणी मांडत नाही.

फिरोजपूरपासून जवळच, सतलजच्या काठी हुसैनीवाला आहे. २३ मार्च १९३१ रोजी लाहोरच्या तुरुंगात भगतसिंग, सुखदेव आणि राजगुरू यांना फाशी दिल्यानंतर इंग्रज सरकारने त्यांचे पार्थिव गुपचूप याच परिसरात आणून जाळले. फाळणीत हे ठिकाण पाकिस्तानात गेले होते. १९६१ मध्ये सुलेमानकी बंधाऱ्याजवळची १२ गावे देऊन भारताने ते परत मिळवले आणि १९६८ मध्ये तेथे राष्ट्रीय हुतात्मा स्मारक उभारले. मध्यवर्ती कायदेमंडळातील बॉम्बप्रकरणी भगतसिंगांबरोबर पकडले गेलेले बटुकेश्वर दत्त यांच्यावर १९६५ मध्ये, त्यांच्या इच्छेनुसार, येथेच अंत्यसंस्कार झाले. मी खेड तालुक्याचा रहिवासी आहे, म्हणजे राजगुरूंच्याच गावचा. आमच्या गावाला त्यांचे नाव दिलेले आहे, त्यांच्या वाड्यावर दरवर्षी कार्यक्रम होतात, पण त्यांच्या समाधीचे दर्शन घेतलेला माणूस आमच्याकडे शोधूनच काढावा लागेल.

हुसैनीवाल्यालाही ध्वजावतरणाचा सोहळा होतो. अटारीपेक्षा येथील जागा लहान असल्याने दोन्ही देशांचे प्रेक्षक एकमेकांचे चेहरे ओळखू येतील इतक्या जवळ बसतात. मे २०२५ मधील संघर्षानंतर हा सोहळा पुन्हा सुरू झाला तो फाटके न उघडता आणि हस्तांदोलन न करता. जवानांचे संचलन पाहताना ऊर भरून येतो, याविषयी माझे दुमत नाही. परंतु माझ्या मित्राला या सोहळ्याचे विशेष अप्रूप वाटत नाही, आणि त्याचे कारण त्याने मला दुसऱ्या दिवशी सकाळी शेताकडे नेऊन दाखवले.

पंजाबात सुमारे साडेपाचशे किलोमीटर लांबीच्या आंतरराष्ट्रीय सीमेवर, दहशतवादाच्या काळात, १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून काटेरी तारांचे कुंपण उभारण्यात आले. हे कुंपण प्रत्यक्ष सीमारेषेवर नाही. सीमेपासून दीडशे यार्डांच्या आत संरक्षणविषयक बांधकाम करू नये, असा दोन्ही देशांमधील संकेत असल्याने ते भारताच्या हद्दीत मागे सरकवून बांधले आहे आणि नदीच्या वळणांमुळे काही ठिकाणी तर ते आणखी बरेच आत आलेले आहे. परिणामी २१ हजार एकरांहून अधिक भारतीय जमीन, जिच्या सातबाऱ्याला तिकडे जमाबंदी म्हणतात, कुंपण आणि सीमारेषा यांच्यामध्ये अडकून पडली. जमीन शेतकऱ्याच्या मालकीचीच आहे, पण त्याला तेथे सीमा सुरक्षा दलाच्या फाटकातून, ओळखपत्र दाखवून, स्वतःची आणि ट्रॅक्टरची झडती देऊन, ठरलेल्या वेळेतच जाता येते. मी जमीनमालक वा मजूर नसल्याने मला फाटकाच्या अलीकडेच थांबावे लागले. मित्राने हात लांब करून दाखवले, तेवढेच त्याचे शेत मी पाहिले.

आपल्याकडील शेतकऱ्याला यातील अडचण चटकन उमगेल. पेरणी, पाणी आणि कापणी या तिन्ही कामांना वेळेचे बंधन चालत नाही. कूपनलिकेची वीज रात्री आली तर पाणी देता येत नाही, कारण रात्री फाटक बंद असते. रानडुकरे शिरली तर राखणीला जाता येत नाही. उंच वाढणाऱ्या पिकांना मनाई असल्याने ऊस किंवा मका घेता येत नाही आणि गहू-भाताच्या पलीकडे फारसा पर्याय उरत नाही. भाताने पंजाबातील भूजल खाली नेले, शेतकऱ्यांनी पीकबदल करावा, असे आम्ही कृषी खात्यातील माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो. तारेपलीकडच्या शेतकऱ्याला हा उपदेश करणे मला तरी जमले नसते.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर या भागातील शेतकऱ्यांना तारेपलीकडचा गहू दोन दिवसांत काढून घेण्यास सांगण्यात आले. त्याच सुमारास, शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी गेलेला सीमा सुरक्षा दलाचा एक जवान फिरोजपूर भागात चुकून सीमारेषा ओलांडून गेला आणि तीन आठवड्यांनी परत आला. त्या बातमीत आपण सर्वांनी जवानाची काळजी केली, ते योग्यच होते. तो ज्यांच्या सोबतीला गेला होता त्या शेतकऱ्यांचा विचार मात्र कोणाच्या मनात आला नाही. पुढे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सतलजला पूर आला. पंजाब सरकारने शेतात साचलेली वाळू शेतकऱ्याने उचलावी व विकावी अशी मुभा दिली, परंतु जेथे ट्रॅक्टरची प्रत्येक फेरी तपासली जाते तेथे ही मुभा किती उपयोगी पडणार, हा मित्राचा प्रश्न मला निरुत्तर करून गेला.

झडती, वेळेचे बंधन आणि पिकांवरील मर्यादा यांना कारण आहे, हे तोही मान्य करतो. सीमेपलीकडून ड्रोनने अमली पदार्थ आणि शस्त्रे टाकली जातात आणि ती उचलली जाऊ नयेत यासाठी दक्षता घ्यावीच लागते. फाटकावरच्या जवानाशी त्याचे बोलणे घरच्या माणसासारखे होते. त्याचे म्हणणे वेगळेच आहे. देशाच्या सुरक्षिततेसाठी उत्पन्नात होणारी ही तूट देशाने भरून द्यावी आणि ती दरवर्षी, न मागता द्यावी, असे त्याला वाटते. सीमावर्ती शेतकऱ्यांनी हा प्रश्न पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयापर्यंत नेला होता आणि एकरी वर्षाला १० हजार रुपये भरपाई ठरली, जिचा भार केंद्र व राज्य यांनी निम्मा-निम्मा उचलायचा आहे. एका हंगामातील गव्हाचा नुसता उत्पादनखर्च धरला तरी ही रक्कम अपुरी आहे, हे सांगायला कृषी अधिकारी असण्याची गरज नाही.

यासंदर्भात माझ्या दोन विनंत्या आहेत. आपल्या पुरवणीने अटारीइतकीच जागा एकदा हुसैनीवाल्याला द्यावी आणि त्या लेखात स्मारकाबरोबर तारेपलीकडच्या शेतीचाही परिचय करून द्यावा. तसे झाल्यास महाराष्ट्रातील सहल कंपन्याही अमृतसरच्या कार्यक्रमात एक दिवस वाढवतील. दुसरी विनंती आमच्या लोकप्रतिनिधींना आहे. या भरपाईतील निम्मा वाटा केंद्राचा असल्याने तिची रक्कम वाढवण्याविषयी आणि ती वेळेवर देण्याविषयी संसदेत प्रश्न विचारण्याचा अधिकार केवळ पंजाबच्या खासदारांचा नाही. राजगुरूंच्या तालुक्यात मते मागणाऱ्या खासदारांनीही तो विचारावा आणि २३ मार्चच्या अभिवादन सभेत त्याला मिळालेले उत्तर आम्हाला वाचून दाखवावे.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त कृषी अधिकारी,
राजगुरुनगर, ता. खेड, जि. पुणे