‘एक्स जपान’ची गाणी मृत्यूंच्या आधीची आहेत

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

जपानी रॉक संगीताविषयी मराठीत फार थोडे लिहिले जाते आणि त्यात ‘एक्स जपान’चे नाव आले की मजकूर बहुधा ठरलेल्या दोन वाटांनी जातो. एक वाट उभारलेल्या रंगीत केसांची, रंगवलेल्या चेहऱ्यांची आणि भडक पोशाखांची. दुसरी या बँडमधील मृत्यूंची. १९९८ साली गिटारवादक हिदे गेला, २०११ साली पूर्वीचा बासवादक ताइजी गेला आणि २०२३ साली ताइजीच्या जागी आलेला हीथही गेला. हे सारे खरे आहे आणि दुःखदही आहे. परंतु असे लेखन वाचून वाचकाची समजूत होते की ही गाणी काळजाला भिडतात ती त्यांच्यामागच्या दुर्दैवामुळे. ही समजूत चुकीची आहे आणि गाण्यांवर अन्याय करणारी आहे, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

‘एंडलेस रेन’ हे त्यांचे सर्वांत परिचित संथ गाणे १९८९ साली ‘ब्लू ब्लड’ या अल्बममधून आले. हिदेच्या मृत्यूच्या नऊ वर्षे आधीची ही गोष्ट आहे. तेव्हा बँडमधील सारेच विशीत होते. पियानोवर सुरुवात, गायक तोशीचा उंच पट्टीतला, किंचितही न लपणारा ताण असलेला आवाज आणि मोजक्या शब्दांचे, लांब स्वरांवर रेंगाळणारे धृपद, एवढ्यावर हे गाणे उभे आहे. धृपद इतके गेय आहे की त्यांच्या मैफलींत वाद्ये थांबल्यावरही श्रोते ते पुन्हा पुन्हा म्हणत राहतात. हजारो अपरिचित माणसांना एकत्र गाता येईल अशी चाल बांधणे हे कारागिरीचे काम आहे. त्याचे श्रेय नशिबाला देणे योग्य नाही.

ते श्रेय प्रामुख्याने योशिकीचे आहे. चिबा प्रांतातील तातेयामा गावचे योशिकी आणि तोशी हे बालमित्र. त्यांनी १९८२ साली हा बँड सुरू केला. योशिकी लहानपणापासून पाश्चात्त्य अभिजात पियानो शिकलेला, आणि बँडमध्ये मात्र तो ड्रमवादक. त्याचे ड्रमवादन किती निर्दय होते, हे पुढे त्याच्या मानेवर कराव्या लागलेल्या शस्त्रक्रियांवरून कळते. अतिवेगवान आणि अतिसंथ गाणी एकाच हातून आली आहेत, हे लक्षात घेतले नाही तर या बँडचे काहीच कळत नाही, असे माझे ठाम मत आहे. ‘आम्हाला त्यांची हळुवार गाणी आवडतात, बाकीचा गोंगाट नको,’ असे म्हणणारे रसिक पुष्कळ भेटतात. त्यांनी ‘कुरेनाई’ पुन्हा एकदा लक्ष देऊन ऐकावे. गाणे अत्यंत शांत, विलंबित वाटावे अशा सुरावटीने उघडते, मग एकाएकी ड्रमचा भडिमार सुरू होतो. पण त्या भडिमारावरची गायनाची ओळ लांबच लांब, सावकाश आणि विरहाने भरलेलीच राहते. ड्रम क्षणभर मनातून वगळले तर खाली उरते ते शोकगीत. जपानमधील शालेय बेसबॉल सामन्यांत, अगदी कोशिएन मैदानावरच्या राष्ट्रीय स्पर्धेतही, शाळांची वाद्यपथके आपल्या संघाला उभारी देण्यासाठी हीच चाल वाजवतात. विरहाचे गाणे मुलांच्या हाती पडून हुरूप वाढवणारे गीत होते, हे त्या चालीच्या अंगच्या ताकदीशिवाय घडले नसते.

‘टियर्स’ची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि तिथे चरित्राचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. योशिकी दहा वर्षांचा असताना त्याच्या वडिलांनी आत्महत्या केली आणि १९९३ साली आलेले हे गाणे त्या वियोगातून आल्याचे तो सांगत आला आहे. तरीही ऐकणाऱ्याला हे काही ठाऊक नसले तरी गाणे तितकेच लागते, कारण ते दुःखाची हकीगत सांगत बसत नाही. पियानो आणि वाद्यवृंद एकेक थर चढवत जातात, तोशीचा आवाज त्या थरांच्या वर राहण्यासाठी झगडतो, आणि गाणे संपते तेव्हा आपण कोणासाठी रडलो हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. त्याच वर्षी या माणसाने सुमारे २९ मिनिटांची ‘आर्ट ऑफ लाइफ’ ही एकच रचना असलेला अल्बम काढला, हेही सांगायला हवे. मात्र ज्यांना या बँडची ओळख करून घ्यायची आहे त्यांनी तिथून सुरुवात करू नये.

‘फॉरेव्हर लव्ह’ १९९६ सालचे. १९९७ च्या ३१ डिसेंबरला तोक्यो डोममध्ये बँडने निरोपाची मैफल केली, त्यातही ते गायले गेले. त्यानंतर सुमारे चारच महिन्यांनी हिदे गेला. त्सुकिजी होंगान-जी या तोक्योतील बौद्ध मंदिरात झालेल्या त्याच्या अंत्यसंस्काराला सुमारे ५० हजार माणसे लोटली आणि तिथे योशिकीच्या पियानोवर हेच गाणे झाले. त्यानंतर ते हिदेच्या मृत्यूशी कायमचे जोडले गेले, हे स्वाभाविकच आहे. पण क्रम लक्षात घ्यावा: गाणे आधीच लोकांच्या ओठांवर होते, म्हणून शोकाच्या प्रसंगी ते हाताशी आले. पुढे २००१ साली पंतप्रधान कोइझुमी यांच्या पक्षाने आपल्या प्रचाराच्या जाहिरातीत तेच वापरले. एकच गाणे अंत्यसंस्कारात आणि निवडणुकीत चालते, यावरून ते एका माणसाच्या मृत्यूपेक्षा किती मोठे होते याचा अंदाज यावा. दक्षिण कोरियात तर जपानी लोकप्रिय संगीतावर सरकारी बंदी असतानाच्या काळातही या बँडची गाणी चोरवाटेने पोहोचली होती आणि तरुणांना पाठ होती. त्या श्रोत्यांना ना बँडचे कार्यक्रम पाहता येत होते, ना त्याच्या बातम्या सहज मिळत होत्या. त्यांच्यापर्यंत पोहोचली ती केवळ चाल आणि आवाज.

आपल्या संगीतविषयक पानावर या बँडविषयी पुढे कधी लेख आला, तर तो पोशाखांपासून किंवा मृत्यूंच्या यादीपासून सुरू होऊ नये, एवढी विनंती आहे. ‘एंडलेस रेन’, ‘कुरेनाई’ आणि ‘टियर्स’ या तीन गाण्यांची रचना, त्यांतील पियानो आणि ड्रम यांचे नाते आणि तोशीच्या आवाजाची जात यांवर जाणकाराकडून सविस्तर लिहवून घ्यावे. हिदेच्या गिटारवादनावर तर स्वतंत्र लेख व्हायला हवा; त्याच्या मृत्यूविषयी जितके छापून आले, त्याच्या वादनाविषयी त्याच्या निम्मेही मराठीत वाचल्याचे मला आठवत नाही.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक