क्लबच्या दारू परवान्यावरील हरकत: मसुदा बदलण्याची विनंती

प्रति,
मा. अध्यक्ष व व्यवस्थापक समिती

विषय: शेजारील स्पोर्ट्स क्लबच्या एफएल-4 परवान्याच्या (क्लबांना मिळणारा दारू परवाना) अपिलात संस्थेची हरकत

स.न.वि.वि.

जिल्हाधिकाऱ्यांनी परवाना निलंबित केल्यावर क्लब राज्य उत्पादन शुल्क आयुक्तांकडे अपिलात गेला आहे. समितीचा हरकतीचा मसुदा नोटीस बोर्डावर वाचला. ‘दारूमुळे वातावरण बिघडते’ या एकाच मुद्द्यावर तो उभा आहे. भावना रास्त आहे, पण सुनावणीत ती टिकणार नाही. क्लबला परवाना देणे कायद्यात बसते. तिथे तपासले जाईल ते एवढेच, की परवान्याच्या अटी मोडल्या का. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियमाचे कलम 54 अटभंगावर बोट ठेवते, म्हणून आपणही तिथेच ठेवावे.

एफएल-4 वर परमिट रूमसारखी येईल त्या गिऱ्हाइकाला दारू देता येत नाही, ती सभासदांसाठी असते. शिवाय परवाना मिळतो तो ठरावीक जागेला, आणि ती जागा मंजूर नकाशात आखलेली असते. आपल्या कुंपणालगतच्या लॉनवर रात्री टेबले लागतात, ते लॉन त्या नकाशात आहे का? हाच आपला सगळ्यात भक्कम मुद्दा ठरू शकतो. दुसरा मुद्दा लग्न-वाढदिवसांचा. लॉन बाहेरच्यांना भाड्याने देऊन तिथे दारू द्यायची तर त्या दिवसापुरता तात्पुरता परवाना वेगळा काढावा लागतो. तो काढला होता का, हे आपल्याकडच्या तारखांशी ताडून पाहता येते. वाढप्यांचे नोकरनामे (दारू वाढण्याचे परवाने) आणि साठ्याची नोंदवही निरीक्षक पाहतातच, त्यावर आपण शब्द खर्च करू नयेत.

हे कागद माहिती अधिकारात राज्य उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयातून मिळवावे लागतील. अर्ज संस्थेच्या नावाने करू नये. हा हक्क नागरिकाला आहे, त्यामुळे लेटरहेडवरचा अर्ज फेटाळला जाऊ शकतो. सेक्रेटरींनी स्वतःच्या नावाने करावा. एकच विषय, 150 शब्दांच्या आत, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ‘सर्व कागदपत्रे द्यावीत’ असे मोघम लिहिले की अर्ज अडतो. नेमके मागावे: मंजूर नकाशा, अटींसह परवाना, मागील दोन वर्षांचे तपासणी अहवाल आणि त्या पत्त्यावर दिलेल्या एक दिवसाच्या परवान्यांची यादी. क्लबला त्रयस्थ पक्ष म्हणून नोटीस गेली तर 30 ऐवजी 40 दिवस लागू शकतात. सुनावणीची तारीख त्याआधीची असेल तर हरकतीतच ‘मूळ नस्ती (फाइल) मागवून नकाशा पडताळावा’ अशी विनंती लिहावी.

आवाजाचा मुद्दा वेगळा ठेवावा. निवासी भागात रात्री 10 ते सकाळी 6 या वेळेत मर्यादा 45 डेसिबल आहे आणि उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. पण मोबाइल अॅपवरच्या आकड्याला कोणी विचारत नाही. त्या त्या रात्री 112 वर तक्रार करून तिचा क्रमांक जपून ठेवावा. तारीखवार क्रमांकांची यादी हरकतीला जोडली की तिला वजन येते.

हरकतीचा अर्ज मात्र, संस्था नोंदणीकृत असल्याने, ती स्वतःच्या नावाने करू शकते. त्यासाठी समितीचा ठराव हवा आणि त्यात सही कोण करणार, हे स्पष्ट हवे. ठराव नसला की विरुद्ध बाजूचा वकील पहिल्याच मिनिटाला हरकत घेतो. आयुक्तांचा निकाल क्लबच्या विरोधात गेला तर पुढे शासनाकडे किंवा हायकोर्टात प्रकरण जाईल. तिथे एकतर्फी स्थगिती मिळू नये म्हणून निकालाच्याच आठवड्यात कॅव्हेट (आपले म्हणणे ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये, असा अर्ज) दाखल करावे, ते 90 दिवस टिकते. परवान्याचे वर्ष 31 मार्चला संपते. अपील तोवर रेंगाळले तर नूतनीकरण हाच खरा सामना होईल, म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे नूतनीकरणावरही वेगळी हरकत आधीच द्यावी.

‘क्लब बंद करावा’ हे वाक्य मसुद्यातून काढावे, ही कळकळीची विनंती. आपली मुले तिथेच बॅडमिंटन आणि पोहणे शिकतात. आपले भांडण लॉनवरच्या दारूशी आहे, खेळाशी नाही.

सीसीटीव्हीच्या बॅकअपसाठी मात्र सभेची वाट पाहू नये. डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रात) जुन्या फुटेजवर नवे चढत जाते. कुंपणाकडच्या कॅमेऱ्याचे फुटेज आजच पेनड्राइव्हवर घ्यावे आणि घेणाऱ्याकडून भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याचे प्रमाणपत्र लिहून घ्यावे.

आपला,
संस्थेचा एक सभासद