पाहुणा कसला, कुणाचा तरी हरवलेला पोपट

मा. संपादक,
स. न.

कालच्या अंकात पान ३ वर वेताळ टेकडीवरचा आपला ‘सैबेरियन पाहुणा’ पाहिला. छायाचित्र उत्तम आहे. बातमीबद्दल तसे म्हणवत नाही.

तो सन कन्युर जातीचा पोपट आहे. अंग पिवळेजर्द, तोंडावर आणि पोटावर केशरी झाक, पंखांत हिरवी पिसे, काळी बाकदार चोच, आकाराने मैनेपेक्षा जरासा मोठा. मूळचा गयाना आणि उत्तर ब्राझीलकडचा. सैबेरियात पोपट नसतात हो! शिवाय ही जात स्थलांतर करणारी नाही. अटलांटिक ओलांडून कोथरूडला येण्याइतके आमच्याकडे काय ठेवले आहे? त्याच्या पायात कडी आहे, ती तुमच्याच छायाचित्रात भिंगाशिवाय दिसते. अशी बंद कडी पिल्लू असतानाच चढवतात, मोठ्या पक्ष्याच्या पंजातून ती जात नाही. बातमीत मात्र ‘टेकडीची जैवविविधता समृद्ध झाल्याचे लक्षण’! कुणाच्या तरी गॅलरीत पिंजऱ्याचे दार उघडे राहिले, एवढेच ते लक्षण.

मी एवढा का चिडलो ते सांगतो. २०१९ साली आमचा कॉकाटील (हाही पाळीव पोपटच) असाच गेला. हिने गॅलरीची जाळी धुवायला काढली, तेवढ्यात शेजारी मिक्सर लागला आणि तो दचकून उडाला. पाच दिवस आम्ही दोघे रिकामा पिंजरा घेऊन टेकडीच्या पायथ्याशी फिरत होतो. फिरायला येणारे लोक आमच्याकडे कसे बघत, ते विचारू नका. त्याला कुकरच्या शिट्टीची हुबेहूब नक्कल यायची. सहाव्या दिवशी, दुपारी चार वाजता, दोन गल्ल्या सोडून एका बंगल्यातून लागोपाठ तीन शिट्ट्या ऐकू आल्या. चार वाजता कोण कुकर लावतो? हिने सरळ बेल दाबली. पक्षी टोपलीखाली झाकलेला, पुढ्यात वरणभात. गृहस्थ म्हणाले, “दुर्मीळ आहे, पेपरवाल्यांना कळवलंय.” कोणत्या पेपरला, ते मी विचारले नाही.

आज सकाळी मुद्दाम टेकडीवर गेलो. गिरीपुष्पाच्या झाडाखाली बारा-पंधरा कॅमेरे. एक जण मोबाइलवर त्याच्याच जातीचा आवाज लावून त्याला खाली बोलावतोय. पिंजरा एकाच्याही हातात नाही, मूठभर सूर्यफुलाच्या बिया नाहीत. वरती कावळे त्याच्या मागे लागलेले. वाटीत दाणे खाऊन वाढलेला जीव तो, या उघड्या रानात काय शोधून खाणार? शिक्रा हा शिकारी पक्षीही त्याच भागात असतो.

मालक पुढे येत नाही त्याचे कारण मला तरी एकच दिसते. २०२४ च्या नियमांनुसार या जातीची केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर (संकेतस्थळावर) नोंद करावी लागते. कॉकाटील, बजरीगर त्यातून सुटले आहेत, सन कन्युर नाही. नोंद राहून गेली असेल तर माणूस बिचकणारच. (आपला साधा राघू पिंजऱ्यात ठेवणे तर गुन्हाच आहे, पण तो घरोघरी ‘मिठू मिठू’ करतो आणि कुणी बिचकत नाही.) हे चार ओळींत छापता आले असते.

काल दुपारी आपल्या कार्यालयात फोन केला. “सर, मेल करा,” असे उत्तर मिळाले. केला. पोच नाही. मेल वाचायला सवड नसेल, हे मी समजू शकतो. पाहुण्यांची सरबराई चालू असणार. तरी कृपा करून उद्याच्या अंकात तेच छायाचित्र, त्याच पानावर, तेवढ्याच आकारात, पण ‘हरवला आहे’ या मथळ्याखाली छापावे.

आपला,
एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे

ता. क. : रविवारच्या शब्दकोड्यात ‘१४ उभा’चे शोधसूत्र सलग दुसऱ्या आठवड्यात छापायचे राहिले आहे. ही त्यावरून माझ्यावर चिडते.