हॉरेस पँटर यांस, पुण्यातल्या एका बेसवाल्याकडून

आदरणीय हॉरेस सर,
सप्रेम नमस्कार.

हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल की नाही देव जाणे, पण तुमच्याबद्दल मराठीत कुणीतरी लिहायला हवंच होतं. आणि 'सर' हे मी नुसतं मानानं म्हणत नाहीये. 'द स्पेशल्स' या इंग्लंडमधल्या बँडमध्ये तुम्ही बेस वाजवायचात, तिथे तुमचं नावच 'सर हॉरेस जंटलमन' पडलं होतं!

मी बेस गिटार वाजवतो. कार्यक्रम संपला की लोक गायकाबरोबर सेल्फी काढतात, गिटारवाल्याला 'कुठे शिकलात' विचारतात आणि मला विचारतात, "तुमच्या गिटारला दोन तारा कमी का?" अशा माणसाला गुरू मिळणं सोपं नसतं. मला तुम्ही मिळालात, तेही हेडफोनमधून.

स्का, म्हणजे जमैकातून आलेलं नाचरं संगीत, वाजवायला बसलं की पहिली पंचाईत अशी, की गिटार मात्रेवर पडतच नाही. दोन मात्रांच्या मधे 'चक्' करून निसटते. मग मात्रा धरायची कुणी? बेसनं आणि ड्रम्सनं. तुम्ही आणि तुमचा ड्रमर जॉन ब्रॅडबरी ती अशी धरायचात, की वर सगळ्यांनी वाट्टेल तेवढा धिंगाणा घालावा. 'घोस्ट टाउन'मध्ये तर तुम्ही सुरांइतकीच जागा वाजवलीत. माझा डावा हात गप्प राहायला शिकला तो त्या गाण्यावर.

त्या गाण्यामागची हकिकतही तुम्हीच सांगितलीय. बँडमधलं वातावरण इतकं बिघडलं होतं की तालमीत कुणी कुणाशी बोलत नव्हतं. बँडचा संस्थापक आणि कीबोर्डवाला जेरी डॅमर्स रडवेला होऊन निघून जायचा आणि त्याची समजूत काढायला मागे जायचात तुम्ही. लेमिंग्टन स्पा नावाच्या गावातल्या छोट्याशा, आठ ट्रॅकच्या स्टुडिओत गाणं ध्वनिमुद्रित झालं. जुलै १९८१ मध्ये इंग्लंडमधली शहरं दंगलींनी पेटलेली असताना ते तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं, आणि त्याच सुमारास बँड फुटला. माझ्या मते जेरीच्या मागे जाणं हेही बेसवाल्याचंच काम, फक्त ते रेकॉर्डवर ऐकू येत नाही.

पण खरे आभार पुढच्या गोष्टीसाठी. 'जनरल पब्लिक' झालं, 'स्पेशल बीट' झालं, असे पुढचे बँड झाले, आणि मग तुम्ही कॉव्हेंट्रीत विशेष मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवायला लागलात. जवळपास दशकभर! कॉव्हेंट्रीच्याच लँचेस्टर पॉलिटेक्निकमध्ये तुम्ही चित्रकला शिकलात, जेरी भेटला तोही तिथेच. मीही विशेष मुलांच्या शाळेत चित्रकला शिकवतो. नोकरी धरली तेव्हा घरचे खूश झाले, बँडमधले म्हणाले, "झालं, मास्तर झाला, संपला." मी त्यांना तुमचं नाव सांगितलं. वाद तिथेच मिटला असं नाही, पण मला पुरेसं होतं.

पुढे २००९ मध्ये स्पेशल्स पुन्हा दौऱ्यावर निघाले. २०१९ मध्ये तुमचा 'एन्कोर' हा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला, तेव्हा तुम्ही पासष्टीचे होतात. डिसेंबर २०२२ मध्ये तुमचा गायक टेरी हॉल गेला. त्याच्या आजारपणाबद्दल आणि राहून गेलेल्या रेगे अल्बमबद्दल तुम्ही लिहिलंत ते वाचलं. मित्राबद्दल इतकं सरळ, कुठलाही अलंकार न घालता लिहिणं फार थोड्यांना जमतं.

तुमची कॅसेटची चित्रं मी वर्गात दाखवतो. परवा एका मुलानं कागदभर कॅसेट काढली, दोन्ही चाकं वेगवेगळ्या रंगांत, आणि "ही वाजव" म्हणून माझ्या हातात दिली. मी बेस काढला आणि स्पेशल्सच्या 'अ मेसेज टू यू रूडी'ची चाल वाजवली. "अजून," म्हणाला. मग तास संपेपर्यंत तेच चाललं.

त्या तासाबद्दलही आभार, सर.

आपला,
पुण्यातला एक बेसवाला मास्तर